चुकलेल्या प्रयोगाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्याच्या डिचोली तालुक्यात आजोबांनी सुरू केलेला काजू प्रक्रियेचा कारखाना आहे. सुमारे सत्तर कामगार, त्यांत बहुतेक महिला. तिसऱ्या पिढीतील मालकाने गेल्या वर्षी कारखान्यात सूचना पेटी बसवली, पाच जणांची नावीन्य समिती नेमली आणि किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात सल्लागाराकडून दोन दिवसांचे शिबिर करून घेतले. वर्षभरात ११४ सूचना आल्या, पण त्यांपैकी एकही प्रत्यक्ष कामात उतरली नाही. आता वडील म्हणतात, हा खेळ पुरे झाला, ती पेटी काढून टाका. मालकांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: चूक नेमकी कुठे झाली, आधी धोरण ठरवायचे की आधी नावीन्याला वाव द्यायचा, आणि एवढ्या लहान संस्थेला हे सगळे परवडते का.

मी अकरा वर्षे एका औषधनिर्मिती कारखान्याच्या उत्पादन विभागात काढली आणि त्यानंतरची सोळा वर्षे फोंडा, डिचोली आणि सत्तरी या भागांतील अन्नप्रक्रिया उद्योगांत, आधी व्यवस्थापक आणि आता सल्लागार म्हणून, काम करीत आहे. उत्तर त्या अनुभवातून देतो आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक मोठी चूकही सांगावी लागणार आहे.

सत्तर माणसांच्या कारखान्यात वर्षभरात ११४ सूचना येतात, याचा अर्थ तुमच्याकडे कल्पनांची वाण नाही. वाण आहे ती दोन निर्णयांची, आणि ते दोन्ही निर्णय मालकाखेरीज दुसरे कोणी घेऊ शकत नाही. पुढच्या तीन-चार वर्षांत हा कारखाना कशासाठी ओळखला जावा, आणि म्हणून कोणत्या सूचनांना मुळीच हात लावायचा नाही, हा पहिला निर्णय. एखादा प्रयोग फसला तर त्या दिवसाचे नुकसान कोणाच्या खात्यावर लिहायचे, हा दुसरा. पहिल्याविषयी सगळे सल्लागार बोलतात. दुसऱ्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते तुमच्या ११४ चिठ्ठ्या तिथेच अडकल्या आहेत.

आधी धोरणाकडे वळतो, कारण तुम्ही तो प्रश्न सरळ विचारला आहे. काजूचा धंदा तुमच्या आजोबांच्या काळी होता तसा आता राहिलेला नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. काजूगराच्या निर्यातीत भारत कितीतरी वर्षे पहिल्या क्रमांकावर होता. २००६ मध्ये ती जागा व्हिएतनामने घेतली, आणि त्यांनी ती बी फोडण्यापासून साल काढण्यापर्यंतच्या कामांत यंत्रे आणून टिकवली. कच्च्या बियांचे सर्वांत मोठे पीक आज आयव्हरी कोस्टमध्ये निघते आणि तेही आता आपल्याच देशात प्रक्रिया वाढवू पाहत आहेत. अशा वेळी आफ्रिकेतून बी आणायची, डिचोलीत फोडायची आणि डब्ल्यू ३२० या प्रतीच्या अख्ख्या गराचे अकरा किलो ३४० ग्रॅमचे डबे भरून व्यापाऱ्याला द्यायचे, हा एक मार्ग तुमच्यापुढे आहे, आणि त्या मार्गावर जिंकतो तो किलोमागे दोन रुपये कमी खर्चात काम करणारा. दुसरा मार्ग गोव्याच्या बीचा. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सत्तरी, डिचोली आणि काणकोण इथल्या बागायतदारांकडून थेट खरेदी करून, कोणत्या भागातले बी हे सांगून, लहान पाकिटात विकायचे, असा तो मार्ग. तिसरा मार्ग मसाला लावलेल्या, भाजलेल्या तयार काजूचा, जो विमानतळावर आणि पणजीच्या दुकानांतून पर्यटक घेऊन जातो.

हे तिन्ही मार्ग थोडे-थोडे धरता येतील असे वाटते, पण सत्तर माणसांच्या कारखान्याला ते जमत नाही, कारण या तिन्हींमध्ये 'चांगली सूचना' वेगवेगळी असते. कटिंगच्या टेबलाची उंची बदलून ताशी दोन किलो जास्त फोडता येतील, ही सूचना पहिल्या मार्गावर सोन्याची आहे आणि तिसऱ्यावर तिचे महत्त्व फारसे नाही. उलट, पाकिटात नायट्रोजन भरून काजू खवट होण्यापासून जास्त दिवस वाचवणे ही तिसऱ्या मार्गावरची जीवनमरणाची गोष्ट आहे, तर घाऊक डब्याच्या व्यवहारात ती गोष्ट व्यापाऱ्याच्या अटींनुसार आधीच ठरलेली असते. तुमच्या समितीसमोर या ११४ चिठ्ठ्या आल्या तेव्हा त्यांना तोलायला तराजूच नव्हता. पाच शहाणी माणसे तराजूशिवाय बसवली की ती सगळ्याच सूचनांना 'चांगली आहे, विचार करू' म्हणतात. त्यांचा त्यात दोष नाही.

मानांकनाविषयी एक सावधगिरीची गोष्ट जाता जाता सांगतो, कारण अनेक मालक तेच आपले धोरण समजतात. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये राज्य सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. तरी ज्या भट्टीवाल्यांनी बाटली, चव आणि विकण्याची जागा बदलली नाही त्यांची फेणी आजही गावातच पिंपातून विकली जाते. मानांकन मिळाल्याने दार उघडते. आत जायचे की नाही हे आपल्यालाच ठरवावे लागते.

धोरणातून नावीन्य कसे निघते याचे मला सर्वांत पटलेले उदाहरण गुजरातमधले आहे. आणंदच्या सहकारी संघाला पन्नासच्या दशकात एक अडचण होती: हिवाळ्यात म्हशींचे दूध खूप वाढायचे आणि मुंबई ते सगळे घ्यायला तयार नव्हती. सभासदाचे दूध परत पाठवायचे नाही, हे संघाचे ठरलेले होते. तोवर दुधाची भुकटी गायीच्या दुधाची होत असे, म्हशीच्या दुधाची होणार नाही असे परदेशी जाणकारांचे मत होते. संघाचे दुग्धतंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ मध्ये आणंदला तिचा कारखाना उभा राहिला. दलाया हुशार होते यात शंकाच नाही, पण माझे लक्ष जाते ते दुसरीकडे: कोणता प्रश्न सोडवायचा हे त्यांना संघाच्या धोरणाने आधीच सांगून ठेवले होते. तिथे सूचना पेटी असती तर शंभर चिठ्ठ्यांमधून नेमकी हीच चिठ्ठी उचलली गेली असती.

याच्या उलट उदाहरण एचएमटीच्या घड्याळांचे. या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि देशाच्या मनगटावर अक्षरशः राज्य केले. बॅटरीवर चालणारे क्वार्ट्झ घड्याळ एचएमटीने टायटनच्या आधी बनवले होते, हे आज फार थोड्यांना आठवते. तंत्र घरात होते आणि ते जाणणारी माणसेही घरात होती. पण यंत्रे, कामगारांचे कौशल्य, उत्पादनाची उद्दिष्टे आणि वरिष्ठांचा अभिमान हे सगळे चावीच्या घड्याळाभोवती बांधलेले होते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटनला सोडून द्यावे लागेल असे मागचे काही नव्हते, म्हणून तिने क्वार्ट्झ हाच आपला मुख्य धंदा केला. एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. नव्या गोष्टीची कल्पना असणे आणि जुन्या गोष्टीतून तिच्यासाठी माणसे व पैसा काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम कोणीही करू शकतो.

म्हणून धोरण आधी. पण त्यासाठी चाळीस पानी अहवाल लागत नाही. तुम्ही आणि तुमचे वडील यांनी बसून एका कागदावर तीन वाक्ये लिहिली तरी पुरे: आपण कोणत्या ग्राहकासाठी काम करणार, त्याला आपल्याकडून कोणती गोष्ट इतरांपेक्षा चांगली मिळेल, आणि त्यासाठी आजपासून काय करणे थांबवायचे. तिसरे वाक्य लिहिताना तुम्हा दोघांत वाद झाला नाही, तर ते वाक्य खोटे आहे असे समजा.

आता दुसऱ्या निर्णयाकडे येतो, आणि इथे थोडे सविस्तर लिहितो.

सत्तरीतल्या एका काजू कारखान्यात मी व्यवस्थापक असतानाची गोष्ट. फोडलेला गर सालीसकट बोर्म्यात, म्हणजे ट्रे रचून गरम हवेवर सुकवण्याच्या भट्टीत, जायचा. साधारण ७० अंशांवर सहा ते आठ तास सुकला की बाहेर काढून साल काढायला पीलिंग विभागात यायचा. गर जास्त सुकला तर हातात घेताच दुभंगून त्याची पाकळी होते, कमी सुकला तर साल सुटत नाही आणि चाकूने खरवडताना तुकडा पडतो. अख्ख्या गराला एक भाव मिळतो, पाकळीला त्याहून कितीतरी कमी, आणि पीलिंगच्या बायकांची मजुरीही त्याच हिशेबाने किलोवर ठरलेली होती. म्हणजे बोर्म्यातल्या चुकीची किंमत सर्वांत आधी कळायची ती बोर्मा सांभाळणाऱ्या माणसाला नाही, मलाही नाही, तर पीलिंगला बसणाऱ्या बाईला, संध्याकाळच्या वजनकाट्यावर.

त्या विभागात वीस वर्षे काम केलेल्या एक आक्का होत्या. एका सकाळी ट्रे रिकामे करून गर एकत्र करायच्या आधीच त्यांनी मला हाक मारली. एका हातात वरच्या ट्रेमधला गर, दुसऱ्यात तळच्या ट्रेमधला. दोन्ही अंगठ्याखाली चोळून दाखवत त्या म्हणाल्या, "वयल्या ट्रेंतलो गर मोडटा, सकयल्याचें साल सुटना." वरच्या गराचे खरोखरच दोन भाग झाले आणि खालच्यावर साल कागद चिकटवल्यासारखी बसलेली होती. आम्ही वर्षानुवर्षे सगळे ट्रे एकत्र करून मगच मोजत होतो, त्यामुळे आमच्या नोंदवहीत दिसायची ती फक्त सरासरी, आणि सरासरी ठीकच असायची. आक्कांचे म्हणणे एवढेच होते की अर्धा वेळ झाला की वरचे ट्रे खाली आणि खालचे वर करावेत.

सूचना चांगली होती; मी दुसऱ्याच दिवशी करून पाहिली आणि ती फसली. दार उघडून ट्रे बदलायला पन्नास मिनिटे लागली, तेवढ्यात आतली उष्णता गेली, आणि सुकवण्याचा एकूण वेळ वाढवायला हवा हे माझ्या लक्षात आले नाही. सगळाच गर थोडा ओला राहिला. त्या दिवशी पीलिंगच्या बारा बायकांना रोजच्या सरासरी तीनशे दहा रुपयांऐवजी सुमारे दोनशे वीस मिळाले. महिन्याच्या बैठकीत मालकांनी तुकड्याचा आकडा पाहून विचारले, "हे कोणी सांगितले होते?" सुपरवायझरने आक्कांचे नाव घेतले आणि मी गप्प बसलो. ही माझी चूक. आक्कांना कोणी काही बोलले नाही, पण बारा जणींनी आपले नव्वद-नव्वद रुपये कशामुळे गेले ते नीट लक्षात ठेवले, आणि त्यानंतर दोन वर्षे त्या विभागातून मला एकही सूचना आली नाही. पेटी तिथेही होती. तिच्यात चिठ्ठ्या यायच्या त्या ऑफिसमधून.

दोन वर्षांनी मी तोच प्रयोग पुन्हा केला, या वेळी आधी मालकांची सही घेऊन. एका साध्या वहीत लिहिले: प्रयोग तीन दिवस चालेल, त्या दिवसांत पीलिंगच्या बायकांना मागच्या पंधरा दिवसांची सरासरी किंवा प्रत्यक्ष मजुरी, यांपैकी जास्त असेल ती मिळेल, बोर्म्यावरच्या माणसाला ट्रे बदलण्याचे वेगळे पैसे मिळतील, माल खराब झाला तर तो कारखान्याच्या खात्यावर, कोणा माणसाच्या नावावर नाही. हे वाचून दाखवल्यावर मागच्या वेळी गप्प राहिलेल्या बायका बोलू लागल्या. एकीने सांगितले की सगळे ट्रे बदलायची गरजच नाही, वरचे चार आणि खालचे चार बदलले तरी पुरे. त्यामुळे पन्नास मिनिटांची वीस झाली. सुकवण्याची वेळ दोन तासांनी वाढवली आणि तिसऱ्या दिवशी जमून आले. शंभर किलो गरामागे अख्खा गर सुमारे चार किलोने वाढला. आमचा रोजचा गर दोनशे किलोच्या घरात होता आणि अख्खा व पाकळी यांच्या भावात त्या वेळी किलोमागे किमान शंभर रुपयांचे अंतर होते, म्हणजे दिवसाला आठशे रुपये. तिन्ही दिवस फसले असते तरी मजुरीची भरपाई तीन हजार दोनशे चाळीस रुपयांच्या पुढे गेली नसती.

आता उलटा हिशेब करा. पहिल्या वेळी त्या बारा जणींना भरपाई द्यायला एक हजार ऐंशी रुपये लागले असते. ते दिले नाहीत म्हणून दोन वर्षे, वर्षाला तीनशे दिवस धरले तर, रोजचे आठशे याप्रमाणे चार लाख ऐंशी हजार रुपये आम्ही पाकळीत घालवले, आणि हे नुकसान कोणत्याही अहवालात दिसले नाही.

तुमच्या कारखान्यातही मजुरी किलोवर असेल, सुपरवायझरला तुकड्याच्या टक्केवारीचा जाब विचारला जात असेल आणि डिस्पॅचला तारखेचा. या तिघांपैकी कोणीही नवीन काही करून पाहिले तर फायदा झाल्यास तो कारखान्याचा, आणि तोटा झाल्यास त्याचा स्वतःचा. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस सूचना लिहून पेटीत टाकतो आणि ती अमलात येऊ नये अशी मनातून इच्छा धरतो. शिबिरात भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवताना सगळे उत्साही दिसतात, कारण त्या चिठ्ठ्यांचे मोल कोणालाच द्यावे लागत नाही.

औषध कारखान्यात याविषयी मी एक गोष्ट शिकलो. तिथे साधा गाळणीचा जाळीदार कपडा बदलायचा असला तरी 'चेंज कंट्रोल'चा अर्ज भरावा लागतो: काय बदलायचे, का, कशावर परिणाम होईल, कोण तपासणार, कोण मंजुरी देणार. बाहेरच्यांना हे नावीन्याच्या विरुद्ध वाटते आणि तरुणपणी मीही त्याला नावे ठेवली आहेत. पण त्या अर्जावर मंजुरीची सही झाली की बदल करून पाहणाऱ्या ऑपरेटरच्या डोक्यावरचे ओझे उतरते. जोखीम सही करणाऱ्याची होते. काजू कारखान्याला एवढी कागदपत्रे नकोत, पण ती एक सही मात्र हवी. टोयोटाने १९५१ मध्ये कामगारांच्या सूचनांची पद्धत सुरू केली, तिचे कौतुक आपण वाचतो. मात्र तिथे अडचण दिसली की जुळणीच्या ओळीवरचा कामगार दोरी ओढून मदत मागू शकतो, प्रसंगी ओळ थांबवू शकतो, आणि थांबलेल्या वेळाचे पैसे त्याच्या पगारातून जात नाहीत, याशिवाय सूचनांची ती पद्धत चालली नसती. टाटा समूहाच्या 'इनोव्हिस्टा' उपक्रमात मनापासून केलेल्या पण फसलेल्या प्रयत्नांना 'डेअर टू ट्राय' नावाचा वेगळा पुरस्कार आहे, तोही याच विचाराचा. तुम्हाला पुरस्कार समारंभ करायची गरज नाही. मजुरी भरून दिली तरी संदेश पोहोचतो, आणि माझ्या मते जास्त स्पष्ट पोहोचतो.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट, जी मालकांना ऐकायला आवडत नाही. प्रयोग यशस्वी होऊन अख्ख्या गराचे प्रमाण वाढले की बायकांची मजुरी वाढते, आणि लगेच हिशेबनीस सुचवतो की आता किलोचा दर थोडा खाली आणू. एकदा जरी तुम्ही हे केलेत तर पुढची दहा वर्षे तुम्हाला सूचना येणार नाहीत, आणि त्या का येत नाहीत हे कोणी तोंडावर सांगणारही नाही. सूचनेमागे पाचशे रुपयांचे बक्षीस देण्यापेक्षा 'सुधारणेमुळे दर कमी होणार नाही' हे लेखी देणे अधिक कामाचे आहे.

परवडते का, या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन: वेगळा विभाग आणि नवा 'इनोव्हेशन मॅनेजर' परवडत नाही, आणि लागतही नाही. समिती बरखास्त करा. प्रत्येक प्रयोगाला एकच नाव द्या आणि त्या माणसाला आठवड्यातला अर्धा दिवस रोजच्या कामातून खरोखर मोकळा करा, म्हणजे त्या अर्ध्या दिवसात त्याच्या जागी दुसरे कोणी उभे असेल. 'काम सांभाळून बघ' असे सांगितलेला प्रयोग डिस्पॅचच्या गडबडीत हमखास मरतो. वर्षाच्या सुरुवातीला प्रयोगांसाठी एका महिन्याच्या वीज बिलाएवढी रक्कम बाजूला काढा, आणि ती चांगल्या वर्षातच काढा. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या तेव्हा सावर्डे-कुडचडे पट्ट्यातल्या ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजवाल्यांकडे हुनर होता, वेळही भरपूर होता, पण चुकून पाहायला लागणारा पैसा हप्त्यांत गेलेला होता.

वेळेविषयी आमच्या धंद्यातली एक मेख आहे. पावसाळ्यात पर्यटक कमी, मागणी मंद, म्हणून जून-जुलैमध्ये प्रयोग करावेत असे सगळ्यांना वाटते आणि ते बरोबरही आहे. पण हवेतल्या दमटपणामुळे सुकवणी आणि साल सुटणे यांचे पावसाळ्यातले निष्कर्ष जानेवारीत लागू पडत नाहीत. म्हणून बोर्मा, साठवण आणि पॅकिंग यांचा कोणताही प्रयोग दोन ऋतूंत केल्याशिवाय त्याला कायमची पद्धत म्हणू नका. चतुर्थीच्या आधीच्या तीन आठवड्यांत मात्र काहीही नवीन करू नका. त्या दिवसांत फसलेल्या मालाची भरपाई पैशांनी होत नाही.

तुम्ही जर तिसरा मार्ग, म्हणजे मसाला काजूचा, निवडला तर त्याचे काम आणि हिशेब वेगळे ठेवा. अन्नसुरक्षा परवान्यात नव्या उत्पादनाची नोंद, लेबल, किती दिवस टिकते याची चाचणी, परत आलेली पाकिटे, या सगळ्यांमुळे पहिल्या वर्षी त्याचे आकडे घाऊक डब्यांच्या आकड्यांपुढे केविलवाणे दिसतात. दोन्हींचा आढावा एकाच बैठकीत घेतलात तर तिसऱ्या महिन्यात कोणीतरी 'यापेक्षा डबेच भरूया' म्हणेल, आणि त्या बैठकीपुरते ते खरेही असेल.

हातातल्या ११४ चिठ्ठ्यांचे काय करायचे? त्या पुन्हा काढून वाचा. माझा अंदाज आहे की त्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त या सूचना नसून तक्रारी असतील: पंखा बंद आहे, शौचालयाला कडी नाही, शिफ्ट सुटल्यावर बस मिळत नाही, सालीची धूळ डोळ्यांत जाते. समितीने त्या 'नावीन्यात बसत नाहीत' म्हणून बाजूला ठेवल्या असतील. त्याच आधी करा, एका महिन्याच्या आत. कडी बसत नाही तिथे बोर्म्याविषयी कोणी बोलणार नाही. राहिलेल्या चिठ्ठ्या धोरणाच्या त्या तीन वाक्यांना लावून पाहा. बहुतेक गळतील, पाच-सहा उरतील, त्यांतली एकच निवडा. गळालेल्यांना आठ दिवसांत उत्तर द्या, आणि 'नाही' म्हणायचे काम तुमच्या वडिलांकडे सोपवा. ते मी थट्टेने म्हणत नाही. पूर्वी काय-काय करून पाहिले होते आणि ते का फसले, हे त्या कारखान्यात फक्त त्यांनाच आठवते. त्यांचा नकार कारणासहित येईल, आणि कारण ऐकल्यावर पाच नकारांपैकी एखादा चुकीचा आहे हे कामगारच त्यांना दाखवून देतील. ती चर्चा पीलिंग विभागात उभ्याने व्हावी, केबिनमध्ये नको.

पेटी काढा असे वडील म्हणतात, तर काढाच. तिच्या जागी खिळ्याला शाळेची शंभर पानी वही टांगा आणि दोरीला पेन्सिल बांधा. पेन ठेवलेत तर संध्याकाळपर्यंत राहणार नाही. वहीत रकाने एवढेच: तारीख, कोणी सुचवले, काय होईल असे वाटले, काय झाले, किती नुकसान, कोणाच्या खात्यावर. पहिली नोंद तुम्ही स्वतःच्या हाताने करा. तारीख गेल्या वर्षीची, सुचवणारे तुम्ही, प्रयोग हॉटेलातले दोन दिवसांचे शिबिर, नुकसानाच्या रकान्यात सल्लागाराच्या बिलाचा खरा आकडा, आणि शेवटच्या रकान्यात: मालक.